बोर्नाविषाणू: ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट हातात आल्यानंतरचे प्रश्न

या वेळच्या टपालात बोर्नाविषाणूंवरची पत्रं एकगठ्ठा आली. कुणी पक्षीपालक, कुणी पशुवैद्यकाचे विद्यार्थी, कुणी प्रयोगशाळेत काम करणारे. या कुटुंबाची ओळख थोडक्यात अशी: ऋण-दिशेच्या आरएनएचा एकच अखंड धागा, लांबी सुमारे 8,900 अक्षरं, त्यावर फक्त सहा प्रथिनांची माहिती. गण तोच, ज्यात रेबीज आणि इबोलाचे विषाणू येतात. वेगळेपण एवढंच की याची नक्कल पेशीच्या केंद्रकात होते. प्राण्यांमधल्या आरएनए-विषाणूंत ही सवय क्वचितच दिसते. नाव जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या बोर्ना गावावरून पडलं; 1890च्या दशकात त्या भागातल्या घोड्यांमध्ये मोठी साथ आली होती.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या मकाव पोपटाचा पॅरट बोर्नाविषाणूचा पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला आहे. पक्षी नीट खातो, वजन टिकून आहे. इतर पक्षी वाचवायचे तर याला मारून टाकणं भाग आहे का?

उत्तर: नाही. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: संसर्ग वेगळा आणि आजार वेगळा. हा विषाणू असलेले कित्येक पोपट वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. काहींना काही आठवड्यांत आजार होतो, काहींना अनेक वर्षांनी, तर काहींना कधीच नाही. कोणाला होईल हे आज कोणतीही चाचणी सांगत नाही.

तरी या पक्ष्याला वेगळा ठेवा, शक्य तर वेगळ्या खोलीत. रोजची साफसफाई करताना याचा नंबर शेवटी लावा. पाण्याची भांडी आणि खाण्याच्या वाट्या अदलाबदल करू नका. विषाणूला चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबण आणि 70 टक्के अल्कोहोल त्याला पुरतात. मात्र वाळलेल्या शिटेवर वरून फवारा मारून काही होत नाही. आधी खरवडून धुवा, मग जंतुनाशक लावून ते लेबलावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते.

मग चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आणखी दोनदा तपासणी करा. विषाणू सतत बाहेर पडत नाही, थांबून थांबून पडतो. म्हणून एका निगेटिव्ह रिपोर्टावर निर्धास्त होऊ नका आणि एका पॉझिटिव्हवर निकाल देऊ नका. गळपिशवीचा आणि अवस्करद्वाराचा (शीट बाहेर पडते त्या वाटेचा) असे दोन स्वॅब घ्या. अवस्करद्वाराच्या स्वॅबवर शीट डोळ्यांना दिसली पाहिजे, कोरडा स्वॅब पाठवण्यात अर्थ नाही. काडी प्लास्टिकची, टोक पॉलिएस्टरचं हवं. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआरच्या आड येतात. सोबत रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करून घ्या. तिन्ही वेळा स्वॅब पॉझिटिव्ह आणि प्रतिपिंडंही भरपूर, असा पक्षी पक्का बाधित समजायचा. एकदाच, तेही अगदी शेवटच्या चक्रांत उमटलेला पॉझिटिव्ह असेल आणि पुढचं सगळं कोरं असेल, तर दोनच शक्यता: पिंजऱ्यातली धूळ किंवा प्रयोगशाळेतली सरमिसळ.

निरोगी प्रौढ पोपटांमध्ये हा विषाणू एकमेकांकडे तितक्या सहज जात नाही. म्हणून घाबरून कत्तल करण्यापेक्षा बाधितांचा गट आणि स्वच्छ गट कायमचे वेगळे ठेवणं शहाणपणाचं. बाधित जोडीची पिल्लं मात्र वाढवू नका. अंड्यांत आणि भ्रूणांत विषाणूचा आरएनए सापडलेला आहे.

प्रश्न: मी पशुवैद्य आहे. आफ्रिकन ग्रे पोपट, शिटेत अख्खे दाणे, भरपूर खाऊनही छातीचं हाड वर आलेलं. गळपिशवीची बायोप्सी निगेटिव्ह. म्हणजे जठर फुगण्याचा तो आजार, पीडीडी, नाही असं म्हणायचं का?

उत्तर: असं म्हणता येणार नाही. पॅरट बोर्नाविषाणूमुळे होणाऱ्या या आजारात पचनमार्गाच्या भिंतीतल्या चेतातंतूंच्या गाठींभोवती लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी जमतात. पण त्या सगळीकडे सारख्या नसतात, ठिपक्याठिपक्यांनी असतात. तुकडा दोन ठिपक्यांच्या मधला आला तर काच स्वच्छच दिसणार. चारांत एक ते तीनांत एक बाधित पक्षी बायोप्सीतून असा निसटतो. तुकडा घेताना डोळ्यांना दिसणारी रक्तवाहिनी त्यात येईल असाच कापा, कारण चेता तिच्या कडेनेच धावते. जाडी पूर्ण घ्या. नुसतं आतलं अस्तर सोलून आलं तर त्यात शोधायच्या गाठीच नसतात.

क्ष-किरण फोटो बाजूने घ्या आणि ग्रंथियुक्त जठराच्या व्यासाला छातीच्या हाडाच्या उंचीने भागा. 0.48च्या खाली आलं तर जठर बहुधा ठीक, 0.52च्या वर गेलं तर ते फुगलेलं आहे. मात्र फुगण्याचं कारण हा आकडा सांगत नाही. शिसं आणि जस्ताची विषबाधा हुबेहूब हेच चित्र उभं करते आणि तिच्यावर उपचार आहेत. त्यामुळे रक्तातलं शिसं-जस्त तपासल्याशिवाय बोर्नाचं नाव घेऊ नये. मॅक्रोऱ्हॅब्डस ही बुरशी आणि जठरात अडकलेली वस्तू, हेही बघून घ्या.

उपचारांत सेलेकॉक्सिब बऱ्याच ठिकाणी दिलं जातं, पण त्यामागे भक्कम तुलनात्मक चाचण्या नाहीत. मेलॉक्सिकॅमबद्दल तर बाधित कॉकटील पक्ष्यांवरच्या प्रयोगात प्रतिकूल निष्कर्ष आला होता. आमच्या मते खरा फरक खाण्याने पडतो: दाणे बंद, सहज पचणारं मऊ किंवा पेलेट खाद्य, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, आणि रोज त्याच वेळी ग्रॅममध्ये वजन.

प्रश्न: चेतासंस्थेची लक्षणं दाखवून मेलेल्या घोड्याचं शवविच्छेदन करायचं आहे. बोर्नाचा संशय आहे. कोणते नमुने, कसे घ्यायचे? (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर: पहिला संशय रेबीजचाच घ्या. बोर्नाचा घोडा आणि रेबीजचा घोडा नुसता पाहून वेगळे ओळखता येत नाहीत. मेंदूच्या खोडाचा पूर्ण आडवा छेद आणि लहान मेंदूचा भाग फ्लोरोसेंट प्रतिपिंड चाचणीला गेल्याशिवाय बाकी काही हलवू नका. कवटी उघडताना पॉवर-सॉ टाळा, त्याने बारीक तुषार उडतात. मास्क किमान एन-95 दर्जाचा, डोळ्यांवर बंद गॉगल, हातांत दुहेरी हातमोजे, खाली कापापासून वाचवणारे.

बोर्नासाठी सर्वांत मोलाचा भाग हिप्पोकॅम्पस. त्यासोबत गंधकंद, पुच्छक केंद्रक, मेंदूचं खोड आणि मोठ्या मेंदूची साल. प्रत्येक ठिकाणचे दोन तुकडे: एक सूक्ष्मदर्शकासाठी, एक आरएनएसाठी. सूक्ष्मदर्शकाचा तुकडा 10 टक्के बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये, द्रवाचं प्रमाण तुकड्याच्या दहापट. आरएनएचा तुकडा सरळ उणे 80 अंशांत. फ्रीझर जवळ नसेल तर आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात, पण कोणत्या तरी एका बाजूने तो अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा. मोठा तुकडा तसाच बुडवला की वरचा थर टिकतो आणि आत कुजत राहतो. त्यावर आलेला निगेटिव्ह रिपोर्ट मग कशाचाच पुरावा नसतो. आरएनए काढताना 20 ते 30 मिलिग्रॅम पुरे. जास्त घातलं तर मेंदूतल्या चरबीने कॉलम तुंबतो आणि हाती कमीच येतं.

काचेवर काय दिसेल? रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइटची जाड बाही आणि काही मोठ्या चेतापेशींच्या केंद्रकात लालसर गोल ठिपका, भोवती फिकट वलय. हीच योस्ट आणि डेगन यांनी 1909मध्ये वर्णन केलेली पिंडं. दिसली तर उत्तम. नाही दिसली तर निदान बाद होत नाही, कारण ती सगळ्या प्राण्यांत मिळतच नाहीत. म्हणून विषाणूच्या सहा प्रथिनांपैकी एन या प्रथिनावरच्या प्रतिपिंडाने इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (तुकड्यातलं ते प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) करून घ्या. तुकडे आठवडेच्या आठवडे फॉर्मेलिनमध्ये राहिले असतील तर आरएनए तुटलेला असतो. अशा वेळी 150 अक्षरांच्या आतलाच भाग वाढवणारे प्रायमर (पीसीआरला कोणता भाग वाढवायचा ते दाखवणारे छोटे तुकडे) निवडा.

मालकाकडून एक गोष्ट आवर्जून विचारा: घोडा तोंडात गवत धरून चघळायचं विसरल्यासारखा उभा राहायचा का? ओठांच्या कडेने काड्या बाहेर लोंबतात आणि जबडा हलत नाही. जर्मन पशुवैद्य याला ‘पाइप ओढणं’ म्हणतात. कोणत्याही मेंदूज्वरात हे दिसू शकतं, पण दिसलं तर बोर्ना यादीत वर चढवायला हरकत नाही.

प्रश्न: बदकाच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर पॅरट बोर्नाविषाणू वाढवतो आहे. दोन आठवडे झाले, पेशी जशाच्या तशा आणि वरच्या माध्यमात विषाणू जवळपास नाहीच. प्रयोग फसला का?

उत्तर: फसला नाही. हा विषाणू असाच वाढतो. बोर्ना पेशी मारत नाही, तिच्यात बिऱ्हाड करतो आणि दुभंगणाऱ्या पेशींबरोबर पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे पेशीनाश शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही. सुरुवातीला पाच-सात दिवसांनी इम्युनोफ्लोरोसेन्सने (चमकणारी प्रतिपिंडं लावून) पाहा: केंद्रकात टाचणीच्या डोक्यासारखे चमकणारे ठिपके असलेल्या पेशींची छोटी छोटी बेटं दिसतील. पेशी दर वेळी उचलून पुढे पेरत गेलात की बेटं मोठी होतात आणि काही पिढ्यांत जवळपास सगळा थर पॉझिटिव्ह होतो.

वरचं माध्यम दुसऱ्या फ्लास्कवर ओतून संसर्ग होत नाही ही तक्रार नेहमीची. विषाणू पेशीलाच चिकटून राहतो. मोकळा करायचा तर पेशी 20 मिलिमोलर हेपीस आणि 250 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या बफरमध्ये, 1 टक्का सीरम घालून, 37 अंशांवर ठेवा. तीव्र क्षारामुळे पडद्यावरचे कण सुटतात. मग पेशींचा गाळ कमी वेगाच्या सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि वरचा द्रव वापरा. हा द्रव पातळ न करता पेशींवर घातलात तर मॅग्नेशियमच पेशी मारतं आणि तो पेशीनाश विषाणूचा वाटतो. गोठवून-वितळवून काढण्याची दुसरी रीत सोपी आहे, पण प्रत्येक फेरीत टायटर (संसर्ग करू शकणाऱ्या विषाणूंचं प्रमाण) घसरतो.

संसर्ग किती झाला ते मोजताना पीसीआरच्या सीटी मूल्यावर (कितव्या चक्रात खूण उमटली त्या आकड्यावर) भिस्त ठेवू नका. बाधित पेशीत जीनोमबरोबर एमआरएनएचा साठाही असतो. प्रायमर एन जीनवर असतील तर दोन्ही मोजले जातात आणि आकडा फुगतो. आणखी एक: पेशी मरत नाहीत म्हणून शेजारच्या फ्लास्कमध्ये गेलेला थेंब महिनोन्महिने कळत नाही. बाधित आणि स्वच्छ पेशींची माध्यमाची बाटलीसुद्धा वेगळी हवी. पक्ष्यांचे प्रकार सुरक्षा-स्तर 2मध्ये हाताळता येतात. माणसाला मारणारे सस्तन प्राण्यांचे प्रकार तिथे उघडूही नका.

प्रश्न: नैराश्य बोर्नाविषाणूमुळे येतं असं वाचलं. रक्ताची चाचणी करून घ्यावी का?

उत्तर: करू नका. ही गोष्ट कुठून सुरू झाली ते सांगणं मात्र गरजेचं आहे. 1985मध्ये मनोरुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचा शोधनिबंध आला. पुढची पंधरा-वीस वर्षं रक्तातून विषाणूचा आरएनए सापडल्याचे अहवाल येत राहिले. बहुतेक ठिकाणी नेस्टेड पीसीआर वापरला होता: पहिली फेरी झाली की नळी उघडायची आणि त्यातला थेंब दुसऱ्या फेरीत घालायचा. नळी उघडली की कोट्यवधी प्रती हवेत आणि पिपेटवर. पुढे रुग्णांमधून मिळालेले क्रम ताडून पाहिले तर ते स्ट्रेन व्ही आणि एच-ई-80 या प्रयोगशाळांमधल्या जुन्या स्ट्रेनशी जुळत होते. हा विषाणू फार सावकाश बदलतो आणि ज्या भागातला असेल त्या भागाचा ठसा बाळगतो. लांबच्या रुग्णात प्रयोगशाळेच्या स्ट्रेनची नक्कल सापडली तर दोष नमुन्याकडे जातो. 2012मध्ये 198 जोड्यांचा, कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे तपासणाऱ्यांना कळू न देता केलेला अभ्यास आला. त्यात काहीच संबंध दिसला नाही.

आता दुसरी बाजू. बोर्ना माणसाला होतच नाही, असं मात्र नाही. होतो तेव्हा तो नैराश्य नसतो, जीवघेणा मेंदूज्वर असतो. 2015मध्ये जर्मनीतल्या तीन खारपालकांच्या मृत्यूमागे खारींमधला एक नवा बोर्नाविषाणू असल्याचं प्रसिद्ध झालं. 2018मध्ये एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या तिघांना घोड्यांमधलाच तो जुना विषाणू झाल्याचं कळलं. त्यातले दोघे वाचले नाहीत. जर्मनीत 2020पासून अशा रुग्णांची नोंद बंधनकारक आहे. वर्षाला मोजके रुग्ण सापडतात आणि जवळपास सगळे दगावतात. तिथेही सुरुवातीला मणक्यातल्या पाण्याचा पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो.

प्रश्न: जनुकीय विश्लेषणात उंदराच्या नमुन्यात बोर्नाच्या एन जीनशी जुळणारे तुकडे मिळाले. नवा विषाणू समजायचा का?

उत्तर: इतक्यात नको. 2010मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की माणसासकट अनेक सस्तन प्राण्यांच्या डीएनएमध्ये प्राचीन बोर्नाविषाणूच्या एन जीनचे अवशेष आहेत. आपल्या पूर्वजांत ते 4 कोटी वर्षांपूर्वीच शिरले. हा रेट्रोव्हायरस नाही, त्याला स्वतःचं उलट-लेखक (आरएनएवरून डीएनए लिहिणारं) एन्झाइमही नाही; पेशीतल्या उड्या मारणाऱ्या लाइन-1 घटकाने त्याचा एमआरएनए डीएनएमध्ये उतरवून घेतला, असं चिन्ह त्या तुकड्यांच्या टोकांवर दिसतं.

तपासायचं असं. नमुन्यावर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) चालवा आणि उलट-लेखनाशिवायची नळी सोबत लावा. ती उजळली तर तुकडा डीएनएतलाच. क्रमाच्या मधोमध थांबा-संकेत आहेत का ते पाहा. आणि सर्वांत निर्णायक, एन सोडून बाकी काय मिळालं? खरा विषाणू असेल तर जी आणि एल जीनचे वाचनही मिळायला हवेत, क्रमही एन, एक्स-पी, एम, जी, एल असाच हवा. नुसता एन आणि तोही मोडका असेल तर तो जिवंत विषाणू नाही, जीवाश्म आहे.

प्रश्न: घरात चिचुंद्र्या फिरतात. धोका आहे का?

उत्तर: घोड्यांचा आणि माणसांचा बोर्ना बाळगणारी चिचुंद्री वेगळ्या जातीची: क्रोसिड्युरा ल्युकोडॉन, वरून करडी आणि खालून पांढरी. तिच्यामुळे होणारा आजार जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइन इथल्या ठरावीक पट्ट्यांतच दिसतो. ती स्वतः आजारी पडत नाही. तिच्या लाळेतून, मूत्रातून आणि त्वचेतून विषाणू पडत राहतो. घोडा आणि माणूस मात्र टोकाचे यजमान, त्यांच्यात विषाणू चेतासंस्थेतच अडकतो आणि पुढे जात नाही. तुमच्या घरातल्या चिचुंद्रीला हाताने न पकडणं आणि तिची लेंडी कोरडी न झाडता ओली करून पुसणं, एवढं इतर कारणांसाठीही करावंच.

प्रश्न: मांजरांचा ‘लडखडणं’ हा आजार बोर्नामुळे होतो असं पुस्तकात आहे. एका मांजराला तशी लक्षणं होती, पण चाचणी निगेटिव्ह आली.

उत्तर: पुस्तक जुनं झालं. मागचे पाय लडखडणं, नखं आत न ओढता येणं, अंगाला हात लावताच कळवळणं, अशी लक्षणं असलेला हा आजार 1970च्या दशकात स्वीडनमध्ये वर्णन झाला आणि दशकानुदशकं बोर्नाच्या खात्यावर पडला. मेंदूचं चित्र तसंच दिसायचं. काही मांजरांत प्रतिपिंडं मिळायची. विषाणू मात्र पटेल असा कुणाच्या हाती लागला नाही. 2023मध्ये स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या 29 आजारी मांजरांपैकी 27 मांजरांच्या मेंदूत रस्ट्रेला विषाणू सापडला. तुलनेसाठीच्या 21 मांजरांत तो एकदाही मिळाला नाही. हा रुबेलाचा नातेवाईक, धन-दिशेच्या आरएनएचा, बोर्नाशी त्याचं कुळही जुळत नाही. जर्मनीत तो रानउंदरांत आढळतो.

स्वीडनमधला प्रकार इतका निराळा निघाला की आधीच्या प्रायमरना तो सापडतच नव्हता, संशोधकांना नवी चाचणी बनवावी लागली. तुमच्या मांजराची बोर्नाची चाचणी निगेटिव्ह येणं म्हणजे चाचणी बरोबर चालली असाच अर्थ निघतो. त्याच्या मेंदूचे पॅराफिन ठोकळे अजून असतील तर टाकू नका. एका ठोकळ्यातून 10 मायक्रोमीटर जाडीचे चार-पाच छेद, दर ठोकळ्याला नवं पातं वापरून, घ्या आणि व्यापक प्रायमर असलेल्या प्रयोगशाळेकडे रस्ट्रेलासाठी पाठवा. सोबत निरोगी मांजराचा एक ठोकळाही पाठवा.